कच्चा रंग

लक्ष्मी मंडईत, उपासाच्या पाटीत,
रताळ्यांखाली दबलेलं एक कोनफळ:
केसाळ, मातकट, आकाराला काही धरबंध नाही.
आईनं घासाघीस न करता घेतलं
आणि घरी आणून विसरली.
वैशाखात तेंदूपानांच्या टोपलीमागनं
बोटभर जांभळा कोंब वर आला,
कुणी आहे का घरात, असं विचारत.

विडी घरकुलात माती म्हणजे मुरूम.
नायनानं सिमेंटच्या गोणीत शेणखत भरून ते पुरलं.
पाणी पाच दिवसांनी येतं.
आधी हंडे, मग पिंप, मग धुणं,
तांदूळ धुतलेलं तेवढं वेलीला.

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या लॅबमध्ये
काचपट्ट्या पुसते.
सर मुलांना सांगतात ते मलाही ऐकू येतं:
डायोस्कोरिया अलाटा. अलाटा म्हणजे पंखवाली.
खोड चौधारी, चारी धारांना पातळ पंख.
एकदल असून पानात जाळी.
पानं समोरासमोर, बदामाच्या आकाराची
(इथं मुलं हसतात).
नर वेल निराळी, मादी निराळी,
पण माणसांनी पिढ्यान् पिढ्या तुकडे करून लावली,
तेव्हा फुलायचं ती जवळजवळ विसरलीच.
कडू करांदा तिचाच भाऊबंद, तो डावीकडे वळतो.
ही उजवीकडे.

एवढंच नायनाला येऊन सांगितलं.
तीस वर्षं रंगखान्यात सुताच्या लडी बुडवलेला माणूस,
नखांच्या कडेला अजून निळं.
उठला, वेल चिमटीत धरली, डोळ्यांजवळ नेली.
“झेड पीळ,” म्हणाला.
“सिंगल सूत असंच येतंय गिरणीतनं.”
रंगखान्याला कुलूप लागल्यापासनं
एका दमात इतकं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चादरीचं उरलेलं सूत आणलं,
गोणीपासून पत्र्यापर्यंत ताणा लावला,
बावीस धागे, मोजून, सारख्या अंतरावर.
वेलीनं त्यातले तीनच वापरले.

मार्गशीर्षात पानं पिवळी पडली, मग कागद झाली.
शेजारच्या गोदावरी यलदंडी म्हणाल्या, मेली की हो तुमची.
आई विडीचा दोरा दातानं तोडत म्हणाली,
पेंडलम मरत नाही, खाली जाऊन बसतंय.

भोगीच्या आदल्या दिवशी खणायला घेतलं.
गोणीचं बूड फाडून ते मुरुमात शिरलेलं,
वाटेत दगड आला तिथं वळसा,
दगड संपला तिथं पुन्हा फुगवटा.
दोन किलो भरलं. वर एक खडा, पोटात रुतलेला.

हाताला तेल लावून आईनं साल काढली,
नाहीतर खाज सुटते.
आणि आत तो रंग.
नायना विळीसमोर बसूनच राहिला.
एक काप चिंचेच्या कोळात टाकला: लालसर.
एक खाण्याच्या सोड्यात: निळा, मग शेवाळी.
वाटीत पाणी उकळून
पांढऱ्या टॉवेलचं टोक बुडवलं,
वर तुरटी. वास घेतला. का, कोण जाणे.
आई म्हणाली, भाजी करायचीय मला, प्रयोग नंतर.

भोगीच्या भाजीत वांगं, गाजर, ओला हरभरा, तीळ,
आणि कोनफळाच्या फोडी, ज्यांनी
सगळा रस्सा जांभळा करून टाकला.
वर तिळाची बाजरीची भाकरी, शेंगाचटणी.
उरल्याचे काप, रव्यात घोळून तव्यावर,
कडेला कुरकुरीत, आत लोण्यासारखे.
गोदावरीबाईंनी तिसऱ्यांदा ताटली पुढं केली,
वेल मेल्याचं कुणी काढलं नाही.

टॉवेल पहिल्या धुण्याला फिका,
तिसऱ्याला राखेचा.
“कच्चा,” नायना म्हणाला. आवाजात दुःख नव्हतं,
निकाल होता.

कोनफळाचं डोकं आईनं आधीच कापून ठेवलेलं,
तेंदूपानांच्या टोपलीमागं, अंधारात.
ताण्यावर वाळलेली वेल अजून आहे.
काढायला गेले तर नायना नको म्हणाला.
बोट लावून बघितलं:
पानं गेली, रस गेला,
पीळ तसाच.